सकाळची आई

माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा मला हेवा वाटायचा. तिला माझी आई मिळाली होती म्हणून. हे मी सम्यकलाही कधी असं सरळ सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि ते हसण्यासारखंच होतं. सदतीस वर्षांची बाई, अंधेरीला विमा कंपनीत नोकरी, दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी निस्तरायच्या, आणि घरी येऊन पहिलीतल्या पोरीवर जळायचं.

आई आमच्याकडे मुलुंडला राहायला आली त्याला दोन वर्षं झाली. ती रिटायर झाली आणि त्याच वर्षी बाबा गेले. कांजूरमार्गच्या खोलीत एकट्या कशाला राहता, म्हणून सम्यकनेच हट्टाने तिला आणलं. तोवर आमची संघमित्रा, म्हणजे मित्रा, शाळेनंतर पाळणाघरात असायची. आता ती बसमधून उतरली की समोर आजी.

त्यांच्या संध्याकाळी मला रविवार सोडला तर दिसायच्या नाहीत, पण रोज रात्रीच्या जेवणाला मित्राच्या तोंडून ऐकायला मिळायच्या. आजीने तळहाताएवढी भाकरी केली. आजीने गुळाचा खडा दिला. बागेत आजी घसरगुंडीच्या खाली उभी राहिली. आजीने माकडाची गोष्ट सांगितली आणि माकडाचा आवाज वेगळा काढला, मगरीचा वेगळा. मी ऐकत असायची आणि घास गिळायची.

कारण माझ्या लहानपणी ह्यातलं काहीच नव्हतं. आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. छत्तीस वर्षं. त्यातली बहुतेक सेकंड शिफ्टला, तीन ते अकरा. मी दुपारच्या शाळेतून सहाला यायची तेव्हा घराला कुलूप असायचं. शेजारच्या काकूंकडे अर्धा तास बसलं की बाबा यायचे, घाटकोपरच्या छापखान्यातून, बोटांना शाई लागलेली. बाबा खिचडी टाकायचे. बाबा माझा अभ्यास घ्यायचे, वाकडी वेणी घालायचे, मी शाळेतलं सांगत असले की हुंकार भरायचे. अंबादास साळवे हे नाव घेतलं तरी मला अजून बरं वाटतं. आई यायची ती मी झोपल्यावर.

सकाळची आई मला आठवायची ती नुसती चिडलेली. घाई, ओढाओढ, फणीचा केसांत अडकलेला हिसका. आणि तो चमचा. मी बोलायला लागले की आई चमच्याचा दांडा माझ्या तोंडात घालून जीभ दाबायची. मला उमळून यायचं, मी रडायची, आणि ती म्हणायची, "परत." लग्नानंतर एकदा सम्यकला मी हे सांगितलं होतं. उलट बोलले की माझी आई अशी शिक्षा करायची म्हणाले. त्याला ते खरं वाटेना. आईकडे बघून वाटत नाही, म्हणाला.

त्याने पाहिलेली आई निराळीच होती. मित्रा शाळेतलं सांगायला बसली की ती सुरी खाली ठेवायची. नुसतं ऐकायची. बाकावर कोण बसलं, डब्यात कोणाच्या काय होतं, बाई कशा शिंकल्या, सगळं. मधेच विचारायची, "मग ती काय म्हणाली?" माझ्या आईला कुणाचं इतकं ऐकून घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. एका रविवारी मी ओट्यापाशी उभी राहून हे बघितलं आणि कुकर उगाच आपटला.

मग जूनच्या शेवटी मित्राचा पहिला दात पडला. मी आठला घरी आले तेव्हा तो कापसात गुंडाळून टीव्हीशेजारी ठेवलेला होता. आजीला दाखवून झाला होता, शेजारी दाखवून झाला होता, वॉचमनलासुद्धा दाखवला होता.

"मला फोन नाही केलास?" मी म्हटलं.

"आजी होती ना," मित्रा म्हणाली. तिला चित्र रंगवायचं होतं, मान वर केली नाही.

मला त्या क्षणी दोघींचा राग आला. माझ्या मुलीने माझी आई घेतली होती आणि माझ्या आईने माझी मुलगी. मला वाटलं, मी ह्या घरात भाडं भरणारी पेइंग गेस्ट आहे.

पुढच्याच आठवड्यात मी मित्राचं नाव अ‍ॅबॅकसच्या क्लासला घातलं. शेजारच्या सोसायटीत तळमजल्यावर प्रियंका मॅडमचा क्लास होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पाच ते साडेसहा. सम्यक म्हणाला, "अगं, पहिलीतल्या पोरीला अ‍ॅबॅकस? तिला अजून बुटाची लेस बांधता येत नाही."

"सगळीच मुलं जातात," मी म्हटलं.

मुद्दाम केलं होतं मी ते. बाग, भाकरी, माकड, मगर, सगळ्यांच्या आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी कापून टाकल्या. आईला कळलं असणार. तिला कळत नाही असं फार कमी असतं. पण ती एवढंच म्हणाली, "किती वाजता सोडायचं?"

एक महिना तसा गेला. मित्रा कुरकुरत जायची, आई सोबत जायची आणि तिथेच खाली सिमेंटच्या बाकड्यावर दीड तास बसून राहायची. मी एकदा म्हटलं, सोडून परत घरी येत जा, पडून राहा जरा. म्हणाली, असू दे, बसते.

आणि मग एका बुधवारी जेवताना मित्रा रडवेली झाली. "आजी निधीशी खेळते," ती म्हणाली. "मी बाहेर आले तरी थांब म्हणते. मला खेळायला घेत नाही."

निधी म्हणजे कोण ते कळायला मला वेळ लागला. क्लासमधल्या एका मुलाची धाकटी बहीण. तिची आई सुलक्षणा मुलाला घेऊन यायची, तेव्हा ही साडेचार वर्षांची पोरगीही सोबत असायची.

आईने मित्राच्या ताटात भात वाढला. "अगं, जरासा खेळ असतो. तू मोठी आहेस ना?"

मित्राने ताट सरकवलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला. तो माझाच होता. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा मी आणि माझी मुलगी एका बाजूला होतो. आता ही निधी कोण आली मध्येच? स्वतःच्या लेकीला वेळ दिला नाही, आणि लोकांच्या पोरींना खेळवते.

शुक्रवारी मी पोट दुखतंय सांगून ऑफिसमधून लवकर निघाले. ते अगदीच खोटं नव्हतं. सहाच्या सुमाराला त्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरले. कशासाठी ते मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक रंगेहाथ पकडायला.

आई बाकड्यावर बसली होती. तिच्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर निधी, दोन शेंड्या घातलेली, बारीकशी. सुलक्षणा बाजूला उभी. आईच्या हातात कागदाची एक पट्टी होती, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेची फाडलेली. ती तिने स्वतःच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाली, "प." पट्टी फडफडली. मग ती निधीच्या तोंडासमोर धरली. निधीने काहीतरी म्हटलं, पट्टी हलली नाही. "परत," आई म्हणाली.

मी गुलमोहराशी थांबले. पुढे जावं असं वाटलं नाही.

तीनचार वेळा परत झालं. मग पट्टी हलली. आईने पिशवीतून हातआरसा काढला. निधीला त्यात तोंड दाखवलं, स्वतःचं तोंड त्याच्या शेजारी आणलं, दोघींनी ओठ मिटले, उघडले. मग आईने तिचा छोटा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. आणि तो हात तिथे टेकायच्या आधी मला माझ्या तळव्याला ते जाणवलं. ऊब, आत काहीतरी घुमतंय, आणि बोटांखाली काळ्या मण्यांची पोत. आता आई "ब" म्हणणार हे मला माहीत होतं. आई म्हणाली, "ब."

त्यानंतर पाण्याच्या गुळण्या असणार, हेही मला माहीत होतं. गुळणी करता करता आवाज काढायचा. मग "ग". मग चमचा.

मला एक जुनी खोली आठवत असे. हिरवा बाक, मोठा आरसा, फुगे आणि खेळण्यांची पेटी, आणि एक हसरी ताई. मी ती माझी बालवाडी समजत होते. मला वाटायचं, तिथे मी खूप आनंदात होते. त्या आठवणीत आई नव्हतीच.

आईने मान वळवली आणि मला पाहिलं. "आज लवकर?" एवढंच म्हणाली आणि आरसा पिशवीत टाकला.

सुलक्षणा पुढे आली. "ताई, तुमच्या आई म्हणजे देवमाणूस हत. निधी काय बोलते ता बाहेरच्या कोणाक कळत नव्हता. महिन्याभरात 'पप्पा' म्हणूक लागली." मग ती जरा चाचरली. "काकींनी कोर्स केलाय काय ह्याचा?"

तेवढ्यात मित्रा क्लासमधून बाहेर आली, मला बघून थबकली, मग माझा हात धरून उभी राहिली, निधीकडे बघत.

घरी जाताना मित्रा पुढे पळत होती. मी आईला विचारलं, "हे कुठे शिकलीस तू?"

"तुझ्यावर," आई म्हणाली.

रस्ता ओलांडायचा होता. रिक्षा जाऊ दिल्या. पलीकडे गेल्यावर मी परत विचारलं, तेव्हा ती सांगू लागली, पण असं, जणू भाजीचा भाव सांगते आहे.

माझे दोन्ही कान वाहायचे. उजव्या कानाचं ऑपरेशन झालं, कानामागचा व्रण मला ठाऊक होता. पण तोवर मी चार वर्षांची झाले होते आणि मला नीट ऐकूच न आल्यामुळे बोलणं आलं नव्हतं. जे बोलायची ते फक्त आईला समजायचं. कावळ्याला तावळा, गाडीला दादी, आणि काही शब्द तर नुसते हवेतच. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात वाचा सुधारायचा विभाग होता, सकाळी आठ ते अकरा. आठवड्यातून तीनदा. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी आईला सांगितलं, मी अर्धा तास घेईन, बाकीचं तुम्हाला रोज घरी करावं लागेल. म्हणून आई आत, त्या हिरव्या बाकावर बसायची, माझ्या मागे, आणि सगळं डोक्यात ठेवायची. वहीत लिहायला नको वाटायचं, तिचं अक्षर बरं नव्हतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"चार वर्षं लागली."

"आणि शिफ्ट?"

"सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळ मोकळी पाहिजे होती ना. तुलाही दुपारची शाळा घेतली मग." ती थांबली, चपलेतला खडा काढला. "त्याच वर्षी सुपरवायझरची जागा निघाली होती. नऊ ते साडेपाच. साहेबांनी मलाच आधी विचारलं. मी नको म्हटलं, माझ्या बरोबरच्या मृणालिनीला मिळाली. चांगली होती ती पण."

"बाबा नव्हते नेऊ शकत?"

"छापखाना साडेआठला उघडायचा. मालक तसा माणूस नव्हता."

"पण मी आठ वर्षांची झाल्यावर तरी. मी दहावीला होते तेव्हाही तू सेकंडलाच होतीस."

"तीनदा अर्ज दिला. पहिली शिफ्ट सगळ्यांनाच पाहिजे असायची. मग नाही मागितली."

मी चालत राहिले. मला जे वाटत होतं ते फक्त प्रेम नव्हतं. मला राग आला होता, कारण इतकी वर्षं जिच्यावर राग धरला तिने मला तो धरू दिला. "मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. "मी लोकांना सांगत फिरले, माझी आई तोंडात चमचा घालायची म्हणून."

आई हसली. "घालायचेच की. क म्हणताना जिभेचं टोक खाली राहायला पाहिजे. तू मला दोनदा चावलीस."

"आई, मी सिरियसली विचारतेय."

"काय सांगायचं त्यात? गल्लीतली पोरं तुला मुकी म्हणायची. तू ते विसरून गेलीस. मला बरंच वाटलं. विसरलेलं उकरून काढायचं कशाला?"

मित्रा जिन्याशी पोचून ओरडत होती, लवकर या म्हणून. त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं.

शनिवारी सकाळी मी सम्यकला सगळं सांगितलं. हेव्याचं सोडून. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "क्लास बंद करायचा का? तू तसाही उगाचच घातला होतास." म्हणजे त्यालाही कळलं होतं. मी हो म्हणणार होते, पण आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि बाहेर आली.

"क्लास राहू दे," ती म्हणाली. "निधीचा 'क' व्हायचाय."

आणि मी, सगळं ऐकून झालेली, समजून घेतलेली, शहाणी बाई, मला परत टोचलंच. माझा क, माझा ग, माझ्या आईचा गळा. आता तिथे दुसऱ्या कोणाचा हात.

पण आई पुढे म्हणाली की, घरच्या घरी करून भागणार नाही. आधी त्या पोरीचे कान तपासायला पाहिजेत. सुलक्षणा हॉस्पिटलला घाबरते, तिचा नवरा म्हणतो, बोलेल आपोआप. "तू येशील का सोबत? तुला बोलता येतं अशा लोकांशी."

मी मंगळवारी रजा टाकली. सुलक्षणा, निधी, आई आणि मी सकाळी सातला बसने निघालो. हॉस्पिटलात नवी इमारत झाली होती, लिफ्ट होती, तरी आई न विचारता वळणं घेत गेली. विभागाच्या दाराशी पोरं आणि आया रांगेत बसल्या होत्या. एक बाई मुलाला आरसा दाखवत होती. ते मूल किंचाळत होतं आणि बाई दात ओठ खाऊन म्हणत होती, "परत बोल." तिचा दुसरा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. मुलाला तो हात आठवणार नव्हता.

आमचा नंबर आला तेव्हा आतली तरुण डॉक्टर निधीच्या केसपेपरवर लिहीत होती. "ह्या आई, आणि तुम्ही?" तिने माझ्या आईला विचारलं.

"मी कोणी नाही," आई म्हणाली. "शेजारची."

"मी इथली जुनी पेशंट आहे," मी म्हटलं. "तीस वर्षांपूर्वीची. ही माझी आई. हिने मला बोलायला शिकवलं."

डॉक्टरने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं बोलणं ऐकून कळत नाही हं."

"म्हणूनच सांगितलं," मी म्हटलं. आईने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

निधीला एका कानाने कमी ऐकू येत होतं. औषधं दिली, पुढची तारीख दिली, वाचेच्या विभागात नाव घातलं. सुलक्षणा रडली, मग तिला आईने चहा पाजला.

परतताना बसला जागा होती. सुलक्षणा आणि निधी पुढच्या सीटवर, आम्ही दोघी मागे. निधी सुलक्षणाच्या खांद्यावरून मागे बघत माझ्या आईला तोंडं करून दाखवत होती आणि आई तिला.

"मला जळायला होतं, आई," मी म्हटलं. इतक्या सहज निघालं तोंडातून.

"कोणावर?"

"हिच्यावर. मित्रावर. कोणी तुझ्याजवळ बसलं की."

मला वाटलं होतं, ती टाळेल.  बस सिग्नलला थांबली.

"मला व्हायचं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांवर."

"बाबांवर?"

"शब्द मी शिकवायचे. मार खाल्लास तू, चावलीस मला. आणि एकदा यायला लागल्यावर बोलायचीस कधी? संध्याकाळी. मी मशीनवर. रात्री आले की हे हौसेने सांगायचे, आज चेतना असं म्हणाली, तसं म्हणाली. मी एकदा भांडले. म्हटलं, मला काही सांगू नका."

"मग?"

"त्यांना वाटलं, ड्युटीने चिडलीय. नंतर सांगायचे नाहीत ते. मग ते न सांगणंही नकोसं झालं."

पुढच्या सीटवर निधी कंटाळून झोपली.  सॉरी म्हणावं तर ते कशाकशासाठी. आज घरी गेल्यावरही मित्रा आजीलाच बिलगणार होती आणि मला तेव्हाही थोडं टोचणार होतं, हे मला माहीत होतं.

"तिसरीतलं एक सांगू?" मी म्हटलं.

"कशातलं?"

"शाळेतलं. बाबांना सांगितलेलं. आमच्या वर्गात खिडकीतून एक बोका शिरला होता, आणि तो सरळ बाईंच्या टेबलावर जाऊन बसला, हजेरीपटावर."

आईने पिशवी मांडीवरून काढून खाली पायाशी ठेवली आणि माझ्याकडे वळून बसली.

"मग?" ती म्हणाली. "बाई काय म्हणाल्या?"